तीनपर्यंत मोजता आलं तर

निनाद भिरूड, इयत्ता नववी, दुपारी अडीचला
वरणगावच्या माझ्या वाइंडिंगच्या दुकानात
बुटाच्या खोक्यातून ट्रक घेऊन आला.
"काकू, मोटर जयली. नवीच टाका लागीन."

समोरच्या रस्त्यावर तीन मिनिटं पळवून दाखवला.
चौथ्या मिनिटाला तो आपोआप बसला.

मोटर लिंबाएवढी.
माझ्याकडे येतात त्या साडेसातच्या, बोअरमधून ओढलेल्या,
दोघांनी उचलायच्या, चिखल निथळणाऱ्या.
ही मी तळहातावर घेतली
आणि टाकली लगेच.
तीनपर्यंत मोजता आलं तर ठीक, असा माझा हिशेब.
एकही झाला नाही.

त्यानं खिशातून पिस्तूल काढलं,
साथीच्या वर्षातला कपाळाचा थर्मामीटर.
मोटरवर धरला : लाल.
भिंतीवर : लाल.
माझ्या कपाळावर : लाल.
मे महिन्यात इथे त्याला दुसरा रंग येत नाही.

बोट ओलं करून एक थेंब सोडला.
चर्र.
मग वास घेतला. वार्निश करपलेलं मी झोपेतही ओळखते.
तो वास नव्हता. अजून नव्हता.

पिनियन काढली, निवू दिली, मोकळी फिरवली,
एक अख्खा चहा होईपर्यंत.
उन्हाइतकीच गरम, वर काही नाही.
"बघ," म्हटलं, "हिचा गुन्हा नाही."

आता ट्रक, मोटरशिवाय, फरशीवर, एक हलका धक्का.
दीड फरशी गेला आणि थांबला,
शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखा.

तेव्हा कुठे निनाद बोलायला लागला.
मागच्या आठवड्यात गाडी मंद वाटली,
म्हणून तेरा दात्यांची पिनियन काढून सोळाची घातली.
धूळ नको म्हणून बॉडीच्या खिडक्या चिकटपट्टीनं बंद.
गियर इतके जवळ, की मध्ये बसच्या तिकिटाचा कागदही जाईना.
वर कुणीतरी सांगितलं, टायमिंग पुढे घे.
म्हणजे दमलेल्याला घाटात घातलं,
अंगावर घोंगडी टाकली,
आणि मागून हाकाटी.
मंद का वाटली, ते मात्र कुणी विचारलं नाही.

डावं मागचं चाक काढलं.
हबच्या मागे काहीतरी पांढरं,
नाही, काळपट, दाबून दाबून लाकूड झालेलं.
"पळवतो कुठे?"
"बोदवडले. जिनिंगच्या पटांगणात."

रुई तिथे पापण्यांवर बसते, चहावर बसते.
एक तंतू आसाला धरतो, दुसरा त्या तंतूला,
आणि चाक, बिचारं, स्वतःच स्वतःला गुंडाळत राहतं.
चिमट्यानं सोडवत बसले. पाऊण तास गेला,
दोन गिऱ्हाइकं परत गेली.
बेअरिंगचं सगळं ग्रीस पिऊन बसलेली
जोडव्याएवढी कडी निघाली.

बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवली.
तेराची पिनियन परत. टायमिंग मागे.
गियरमध्ये तिकीट धरून फट ठेवली.
खिडक्या मी कात्रीनं उघडल्या;
तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

रविवारी बोदवडला मीही गेले. का ते विचारू नका.
पाच मिनिटांची शर्यत संपली आणि हा
निकालाच्या फळ्याकडे न जाता ट्रक घेऊन माझ्याकडे धावला.
हात ठेवला. एक, दोन, तीन, चार.
अकरापर्यंत गेले, मग कंटाळा आला.
"कितवा?"
"चौथा."
"चौघांत?"
"नऊ जणांत, काकू!"

ती कडी दुकानात खिळ्याला अडकवलेली होती.
परवा रात्री लाइट गेली, मेणबत्ती सापडेना,
तर वाटीत ठेवून तीच पेटवली.
ग्रीस होतं, छान जळली,
साधारण एका शर्यतीइतका वेळ.

मग लाइट आली. शटरपाशी एक माणूस उभा,
मागे ट्रॉलीत पंप.
"ताई, मोटर जयली."

"पाणी कधीपासून कमी येत होतं?" मी विचारलं.
तो विचारात पडला.